सेकंदाला तीन सेंटिमीटर

आमच्या घरात झोपायच्या खोल्या दोन, आणि त्याचं अधिकृत कारण माझं घोरणं. हे कारण आम्ही मुलीला दिलं, व्याह्यांना दिलं, शेजाऱ्यांना तर त्यांनी न विचारताच दिलं. फलटणमध्ये साठीच्या आसपासची निम्मी जोडपी घोरण्यामुळे वेगळी झोपतात. एवढी माणसं खरोखर घोरत असती तर गावातल्या एका खिडकीला काच शिल्लक राहिली नसती.

खरं कारण सांगायला फार सोपं आहे, म्हणूनच ते कुणी सांगत नाही. मला हवं असायचं, उज्ज्वलाला नको असायचं. बाकी सगळ्या बाबतीत आमचं एकमत. चहात साखर कमी, मुलगी एकच पुरे, पाहुणे दोन दिवसांचे. ही एकच गोष्ट जमली नाही. पहिली पंधरा वर्षं ती नाही म्हणाली नाही, म्हणून मला वाटलं की सगळं ठीक चाललंय. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. शेवटच्या चारीला, म्हणजे टोकाच्या बारक्या पाटाला, पाणी पोचलं की नाही हे वहीत बघून ठरवू नका, तिथं जाऊन बघा, असं हाताखालच्या लोकांना रोज सांगायचो. घरी मात्र मी वहीवर विश्वास ठेवला.

पंधरा वर्षांनंतर ती "आज राहू दे ना" म्हणायला लागली. काही वर्षांनी त्यातला 'आज' गेला. मग 'ना' गेला. शेवटी नुसतं "राहू दे" उरलं, आणि त्यानंतर तेही म्हणायची वेळ येऊ नये म्हणून मी घोरायला लागलो.

मध्ये एकदा आम्ही पुण्याला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. माझी तपासणी झाली, तिची झाली, दोघांना समोर बसवून त्यांनी हसतमुखानं सांगितलं की दोघंही अगदी नॉर्मल आहात. म्हणजे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. परतीच्या एसटीत उज्ज्वलानं सासवडला अंजीर घेतले. ते आम्ही फलटण येईपर्यंत खाल्ले, आणि तो विषय संपला.

दोन हजार एक्केचाळीसच्या मे महिन्यात आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. हैदराबादहून केतकीनं, म्हणजे आमच्या मुलीनं, दोन उबारे पाठवले. उबारा हे तेव्हा नवीन निघालं होतं. दिसायला साधी दुलई, पण आतून हात फिरवणारी. सोबत चिठ्ठी होती, 'बाबांच्या घोरण्यावर उपाय नाही, पण म्हणून तुम्ही दोघांनी एकेकटं का झोपायचं?' मुलीला किती कळलं होतं हे मी विचारलं नाही. काही गोष्टींत अडाणी राहण्याचा बापाला हक्क असतो.

उबारा बसवून द्यायला तावरेबाई आल्या. सव्वीस वर्षं नर्स होत्या आणि आता कंपनीच्या फलटण केंद्राच्या प्रमुख. प्रमुखही त्याच आणि केंद्रही त्याच. इंजेक्शन देताना पेशंटला बोलण्यात गुंतवायची सवय गेलेली नव्हती, त्यामुळे दुलईच्या पिना लावता लावता त्यांनी आम्हाला सगळं शास्त्र सांगून टाकलं.

आपल्या कातडीत दोन टपाल खाती आहेत, असं त्या म्हणाल्या. एक जलद. टोचलं, भाजलं, चिमटा बसला की क्षणात मेंदूत बातमी. दुसरं खातं संथ. पाठ, दंड, मान अशा बारीक लव असलेल्या कातडीत काही मज्जातंतू असे असतात की त्यांना टोचण्या-भाजण्यात रस नसतो. अंगाइतका उबदार हात हलकेच फिरला, तोही सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगानं, तरच ते जागे होतात. सगळ्यात जास्त जागे होतात ते तीन सेंटिमीटरच्या आसपास. फार जोरात गेलं तर त्यांच्या लेखी कुणीतरी धूळ झटकतंय, फार हळू गेलं तर किडा चालतोय. आणि त्यांची बातमी जाते ती 'काय लागलं' हे विचारणाऱ्या कप्प्यात नव्हे, 'कसं वाटतंय' हे विचारणाऱ्या कप्प्यात. आई तान्ह्या मुलाला कुरवाळते ती, कुणी न शिकवता, साधारण याच वेगानं. त्या वेगाचा हात वर्षानुवर्षं मिळाला नाही की माणूस वाळत जातो. कशानं ते रक्ताच्या तपासणीत येत नाही.

उबाऱ्याच्या अस्तरात केसाहून बारीक असे हजारो धागे होते. वीज दिली की ते तापून आखडतात, काढली की सैल पडतात. एकामागून एक ओळीनं आखडवत नेले की पाठीवरून हात गेल्यासारखं वाटतं. वेग, दाब, ऊब, मध्येच थबकणं, बोटांचा बारीक कंप, सगळं त्यात भरता येतं. लांबून येणारा माणूस चालीवरून ओळखू यावा तशी प्रत्येक हाताचीही चाल असते, आणि एका रबरी पाटीवर पाच मिनिटं हात फिरवला की ती चाल उचलता येते.

मी आयुष्यभर पाण्याचा वेग मोजला. कालव्यात तो साठ-सत्तर सेंटिमीटरच्या खाली गेला की गाळ बसायला लागतो. तीन सेंटिमीटर म्हणजे आमच्या खात्याच्या भाषेत पाणी बंद. हे मी तावरेबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला गरज आहे, साहेब."

मग त्यांनी विचारलं, कुणाचा हात घालायचा?

उज्ज्वलानं पंख्याकडे बघितलं. मीही पंख्याकडे बघितलं. छत्तीस वर्षांची बायको शेजारी उभी असताना परक्या बाईसमोर 'हिचा हात द्या' असं म्हणायचं कसं? मी म्हणालो, कंपनीचा असेल तोच द्या. उज्ज्वला म्हणाली, मलाही तोच. तावरेबाईंनी दोन्ही फॉर्मवर 'सात' असा आकडा घातला. कंपनीचा सात नंबरचा हात सगळ्यांना चालतो, त्या म्हणाल्या, फलटणमधली सगळी जोडपी सातवरच आहेत.

नमुन्याची पाटी नीट चालते का ते बघायचं होतं, म्हणून त्यांनी मला तिच्यावर पाच मिनिटं हात फिरवायला सांगितलं. उज्ज्वलाचे हात कणकेचे होते, ती स्वयंपाकघरात गेली. मी पाटीवर हात फिरवत तावरेबाईंना उन्हाळी आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळीची, हकिकत सांगत बसलो. त्यांचं माहेर आमच्या शेवटच्या चारीवर होतं, त्यामुळे त्यांनाही ऐकण्यात रस होता. नंतर त्यांनी एका कागदावर माझी सही घेतली. सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस सही मागितल्यावर वाचत बसत नाही.

सात नंबरचा हात वाईट नव्हता. बँकेच्या रांगेत मागच्या माणसाचा चुकून लागावा इतपत आपुलकी त्यात होती. दुपारी जेवल्यावर मी तो तासभर घ्यायचो. पाठीला बरं वाटायचं. बाकी मी होतो तिथंच होतो.

ऑगस्टमध्ये उज्ज्वला बदलली. दुपारी झोप लागत नाही अशी वीस वर्षं तक्रार करणारी बाई जेवणं आटोपली की स्वतःहून खोलीत जायला लागली. दोन तासांनी बाहेर यायची ती गालावर उशीच्या घड्या घेऊन, आणि चहा टाकताना गुणगुणायची. मला ती समोरून कळते त्यापेक्षा पाठमोरी जास्त कळते, कारण वीस वर्षं तेच बघितलेलं. तिची पाठ सैल झाली होती. बाभळीच्या शेंगेसारखी ताठ असायची, ती आता ओट्याशी उभी असताना चक्क डुलत होती.

मला आनंद झाला. हा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी माझ्या मोबाइलवर संदेश आला. दोन्ही उबाऱ्यांना केतकीनं माझाच नंबर दिलेला होता, कारण फॉर्ममध्ये घरातल्या पुरुषाचा नंबर द्यायची पद्धत एक्केचाळीस सालीही गेलेली नव्हती. संदेश असा होता: 'आपल्या उबारा क्रमांक दोनच्या हातातील बदलास एक महिना पूर्ण झाला. सध्याचा हात: खाजगी दाता, पुरुष, वयोगट ५५ ते ६५. आपला अभिप्राय कळवा.'

अभिप्राय मी कळवला नाही.

एक सांगतो, मी शांत स्वभावाचा आहे. कालवा फुटला तरी मी आधी चष्मा पुसायचो. मी चष्मा पुसला आणि फलटणमधल्या पंचावन्न ते पासष्ट वयाच्या पुरुषांची मनातल्या मनात यादी केली. उज्ज्वलाचा ज्यांच्याशी संबंध येतो असे त्यात दोनच निघाले. एक दाताचे डॉक्टर, पण त्यांच्याकडून येताना तिचा चेहरा सुजलेला असायचा. दुसरे घोलप सर. शाळेतून निवृत्त झालेले, विधुर, स्वच्छ कपड्यांचे, आणि आठवड्यातून तीन दिवस बायकांना पेटी शिकवणारे. उज्ज्वला त्यांच्याकडे दीड वर्ष जात होती.

मी घोलप सरांना चहाला बोलावलं. नमस्काराऐवजी हस्तांदोलन केलं आणि हात सोडायला जरा उशीर केला. कोरडा, हलका हात, लांब बोटं. काहीतरी वाजवून दाखवा म्हटलं. त्यांनी दोन भजनं वाजवली, आणि मी मनगटी घड्याळ समोर धरून पट्टीवरून फिरणाऱ्या त्यांच्या बोटांचा वेग काढला. तो सरासरी सेकंदाला चाळीस सेंटिमीटर भरला. म्हणजे धूळ झटकणारा. पण माणूस पेटी वाजवतो एका वेगानं आणि पाटीवर हात फिरवतो दुसऱ्या, हेही मला कळत होतं. उज्ज्वला मध्येच चकल्या घेऊन आली आणि सरांना म्हणाली, "यांना कधीपासून गाण्याची आवड लागली, मलाही माहीत नाही." सर हसले. निर्मळ हसले. त्या हसण्याचा मला फार राग आला.

पंधरा दिवस मी असे काढले. मग एका सकाळी तावरेबाईंच्या केंद्रावर गेलो. दोन नंबरच्या उबाऱ्यात काही दोष वाटतोय, त्यात हात कुणाचा आहे तेवढं सांगा, असं सरळ विचारलं.

त्या म्हणाल्या, तसं सांगता येत नाही. हात कुणी वापरायचा हे वापरणाऱ्याची खाजगी बाब, आणि हात कुणाचा ही देणाऱ्याची. कायदा कडक आहे, नवऱ्यालाही सांगता येत नाही. दात्याचं नाव फक्त एकाच माणसाला सांगता येतं, ते म्हणजे स्वतः दाता.

मी म्हटलं, मग मला नाही कळणार.

त्यांनी फाइल उघडली, बंद केली, माझ्याकडे सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सच्या नजरेनं बघितलं.

"तुम्हाला कळेल, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगायला मला काही अडचण नाही."

मी त्यांच्या टेबलावरचा काचेचा ग्लास उचलला. त्यात पाणी नव्हतं. तरी मी तो तोंडाला लावला.

पाटी चालते का बघायला मी पाच मिनिटं जो हात फिरवला होता, त्याचा नमुना कागदावर सही असल्यामुळे नियमाप्रमाणे जपून ठेवला गेला होता. जुलैत उज्ज्वला एकटी केंद्रावर आली आणि विचारलं की त्या दिवशीचा यांचा हात तुमच्याकडं असेल का. दात्याला कळवावं लागेल का, हेही विचारलं. सही असल्यानं कळवावं लागत नाही म्हटल्यावर तिनं हुश्श केलं.

वयोगट पंचावन्न ते पासष्ट. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. त्या यादीत माझंही नाव बसत होतं, हे पंधरा दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. एवढ्या वर्षांच्या अनुभवानं माणूस काही नावं आधीच वगळून ठेवतो.

घरी जाताना मी रस्त्यात एका बाकावर बसलो आणि स्वतःचा उजवा हात पालथा-उलथा करून बघितला. तळव्यावर एक जुना व्रण आहे, कालव्याच्या दरवाजाच्या लोखंडी चाकाचा. बाकी काही खास नाही. मला त्या हाताचा मत्सर वाटत होता. घोलप सरांचा वाटला होता त्याहून जास्त, कारण सरांशी निदान भांडता आलं असतं.

उज्ज्वला मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि मीही निवडायला लागलो. थोड्या वेळानं म्हटलं, तावरेबाईंकडे गेलो होतो.

तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. तिनं विचारलं, "राग आला का?"

"माझाच हात. रागावू कुणावर?"

ती निवडत राहिली. मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मग काडीकडे बघतच म्हणाली, "तुमचा हात मला आवडतो हो. लग्नात माळ घालताना लागला होता, तेव्हापासून. पण तो कधी एकटा आला नाही."

मला पहिल्यांदा कळलं नाही.

"पाठीवर पडला की मला पुढचं सगळं दिसायला लागायचं. आता काय होणार, मग काय होणार, मी काय करायचं, कसं करायचं. मी आधीच पुढं जाऊन बसायचे, दमून. पाठीवर हात आहे हे मला कधी कळलंच नाही." तिनं पानं मुठीत घेऊन परत खाली ठेवली. "उबाऱ्यातल्याला काही नको असतं. तो नुसता येतो."

त्याला काही हवं असणारच कसं? तो हात मी रबराच्या पाटीवरून फिरवला होता. रबराकडून मला काही अपेक्षा नव्हती. त्या पाच मिनिटांत माझं सगळं लक्ष शेवटच्या चारीच्या पाण्यात होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात प्रेमळ स्पर्श मी उन्हाळी आवर्तनाबद्दल बोलताना केला होता, आणि तेव्हा बायको कणीक मळत होती.

पण मी खात्यातला माणूस. वेग कळला की प्रश्न सुटला, असं आमचं शिक्षण. जेवणाच्या टेबलावर शिवणाची टेप चिकटवली, घड्याळ समोर ठेवलं आणि आठ दिवस तालीम केली. साठ सेंटिमीटर, वीस सेकंद. पहिल्या दिवशी मी चौदा सेकंदांत पोचायचो. आठव्या दिवशी बरोबर वीस. दाबासाठी तळव्याखाली पापड ठेवून बघितला. मोडता कामा नये. उज्ज्वला येता-जाता बघत होती. कशासाठी ते तिनं विचारलं नाही, फक्त पापड उडदाचे नका घेऊ, पोह्याचे घ्या, एवढं म्हणाली.

रविवारी दुपारी मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. तिनं माझ्याकडे बघितलं, उबारा बाजूला केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ब्लाऊजच्या वरची पाठ उघडी होती. मी पलंगाच्या कडेला बसून हात ठेवला आणि निघालो. मानेपासून खाली, वीस सेकंद. पुन्हा वर. वेग अचूक होता, याची मी आजही ग्वाही देईन. दोन मिनिटं झाली. तिचा श्वास लांब झाला. मला वाटलं, जमलं.

"तुम्ही मोजताय," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"नाही."

"मोजताय. हातात कळतंय."

मी मोजणं थांबवलं. मग हाताला दुसरा काही उद्योग उरला नाही, आणि तो एकटा राहिला नाही. मी काही केलं नव्हतं, वेगही वाढवला नव्हता. तळवा फक्त थोडा ओलसर झाला, आणि एका जागी, कमरेच्या वर, हात अर्धा क्षण थांबला. बस एवढंच. तिची पाठ माझ्या हाताखाली बाभळीची शेंग झाली. तिनं केली नाही, तिची झाली. ते तिच्याही हातात नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली. मग वळून, फार मायेनं, "दमलात."

मी तिथंच बसून राहिलो. वीस वर्षांत हे बोललो नव्हतो, ते तेव्हा बोललो. मला फार काही नको, म्हटलं, एकदा तरी कुणीतरी मला मागावं, मी न मागता, असं वाटतं. माझं वय झालंय, पण ते वाटणं गेलं नाही, त्याला वय कळत नाही.

ती उठून बसली. पदर नीट केला. "मला कळतं," ती म्हणाली. "तुम्हाला वाटतं कळत नाही. सगळं कळतं. पण कळून मी काय करू, सांगा. मागावंसं वाटणं माझ्यात कुठं असतं ते मी शोधलंय हो. तुमच्यासाठी शोधलंय. नाही सापडत."

मी म्हटलं, चहा टाकू का? ती म्हणाली, टाका.

बुधवारी उज्ज्वला तावरेबाईंकडे जाऊन आली. आल्यावर मला म्हणाली, तुमच्या उबाऱ्यात सात नंबर आहे ना, तो काढा, मी माझा देऊन आलेय. पाच मिनिटांचा नमुना घेतात, मी पंचवीस मिनिटं दिला. सांगताना तिचे डोळे लकाकत होते. शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखी दिसत होती. मला गहिवरून आलं. त्या दुपारी मी जेवलोही कमी.

उबारा अंगावर घेतला. हात आला.

मी तो लगेच ओळखला. नीट, मन लावून, कुठं काही कमी पडू नये अशा काळजीनं फिरणारा हात. मानेवर थोडा जास्त वेळ, कारण मला तिथं आवडतं हे तिला माहीत. मग कमरेपर्यंत, तिथं क्षणभर धीर एकवटून थोडा पुढं, आणि मग झालं, अशा सुटकेनं परत. पहिल्या पंधरा वर्षांचाच हात होता तो. त्या पंधरा वर्षांत मला तो कळला नव्हता, कारण तेव्हा मी घाईत होतो. आता मी स्वस्थ पडलो होतो आणि यंत्र अतिशय प्रामाणिक होतं. प्रत्येक बोटात प्रयत्न होता. पंचवीस मिनिटं ती बाई रबराच्या पाटीवर मला शोधत होती.

बाहेर आलो तर ती दारातच उभी.

"कसा आहे?"

"छान आहे," मी म्हटलं.

"खरंच?"

"अगदी खरंच. फार छान."

ती समाधानानं आत गेली, आणि मी तिथं उभा राहून विचार केला की पंधरा वर्षं रोज हे असं म्हणायला काय लागत असेल. मला एकदाच म्हणून घाम फुटला होता.

तावरेबाईंना मी एकदा चाचपून विचारलं, तिच्या नकळत नमुना घेता येईल का, म्हणजे ती भाजी निवडताना वगैरे. त्या म्हणाल्या, सही आधी लागते आणि सही केली की कळतंच. तुमचा सुटला तो पाटी तपासण्याच्या निमित्तानं. आता तीही सोय नाही, नव्या पाट्या तपासूनच येतात.

तेव्हापासून असं चाललंय. दुपारी जेवणं होतात. ती तिच्या खोलीत जाते, तिथं माझा हात असतो. मी माझ्या खोलीत जातो, तिथं तिचा. तिला गाढ झोप लागते. मी उबाऱ्याखाली जागा राहून तो हात थकेपर्यंत सोबत करतो. सात नंबर परत घ्यायला एक बटण दाबायचं आहे. संदेश माझ्याच मोबाइलवर येईल, तिला कधी कळणार नाही. मी दाबलेलं नाही.

परवा दुपारी अडीच वाजता लाईट गेली. उबारे बंद पडले. थोड्या वेळानं दोघंही आपापल्या दारातून बाहेर आलो आणि नाइलाजानं एकमेकांकडे बघितलं. तिनं गॅसवर चहा केला. आम्ही टेबलाशी समोरासमोर बसलो. तिनं उबारा घडी करून बरोबर आणला होता, लाईट आलेली कळावी म्हणून त्याची पिन टेबलाजवळच्या बोर्डात लावून तो मांडीवर घेतला होता. ती केतकीच्या नव्या घराबद्दल काही सांगत होती, स्वयंपाकघर पूर्वेला आहे की उत्तरेला, असं काहीतरी. बोलता बोलता तिचा हात उबाऱ्यावरून फिरत होता.

आधी माझं लक्ष नव्हतं. मग गेलं. ती खिडकीबाहेर बघत बोलत होती आणि तो हात तिच्या नकळत दुलईवरून जात होता, पुढे, मागे, मध्येच एका शिवणीवर थबकत, तिथं बोट घोटाळत, पुन्हा पुढे. त्या दुलईच्या आत माझा हात होता, बंद पडलेला. ती त्याला कुरवाळत होती. त्यात प्रयत्न नव्हता. धीर एकवटणं नव्हतं. मी वेग काढला. मुद्दाम नाही, नजरेला सवय आहे.

माझा हात टेबलावर होता. तिच्या हातापासून हातभर लांब. मी तो पुढं केला असता तर तो एकटा गेला नसता, आणि तिला ते दिसलं असतं. मी तो हळूच उचलून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"ऐकताय ना?" तिनं विचारलं.

"ऐकतोय. पूर्वेला."

ती पुढं बोलत राहिली. मी हललो नाही. चहावर साय धरली. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी घड्याळाकडे बघितलं नव्हतं.

मग फ्रिज गुरगुरला. तिच्या तळव्याखाली दुलई एकदम हलली, तशी ती दचकली आणि हसली.

"आली बघा," ती म्हणाली. पिन काढून, उबारा छातीशी धरून उठली, दारात थांबून वळली. "तुम्हीही पडा आता. तुमचा राहिला असेल ना अर्धा?"

"हो," मी म्हटलं, आणि कप उचलून ठेवायला लागलो. दोघांचाही चहा तसाच होता.